हसले कवा, ते सांगा

भाषण रंगात आलं की मावशीचा उजवा हात वर जायचा. चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा, तळवा समोर. "थांब. दुःख समद्यायला पाठ हाये. हसले कवा, ते सांग."

आमच्या आष्टीच्या बुद्धविहारात त्या हाताला घाबरला नाही असा वक्ता मी पाहिलेला नाही. एकदा परतूरहून आलेले प्राध्यापक जुन्या अन्यायावर बोलत होते. आवाज नुकता कुठे भरून आला होता, तोच हात वर. बिचारे पाणी प्यायले, आयोजकांचे आभार मानले आणि खाली बसले. पुढच्या वर्षी त्यांनी माझा फोनच उचलला नाही. जयंती समितीची सचिव मी, त्यामुळे लोकांचे रुसवे माझ्या वाट्याला.

मावशी म्हणजे आमची शेजारीण, निवृत्त अंगणवाडी सेविका. सत्तरीची, अंगानं काडी, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच, जे समोरून येताना दिसलं की आपण उगाच मोबाइल कानाला लावतो.

एका वर्षी तिच्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला आणि माझ्या मागे नवं लचांड लागलं.

"तिकडच्या काळ्या लोकायचा आख्खा महिना असतो म्हणे, आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यायचं सांगायचा," मावशी म्हणाली. "त्यायला बी गुलाम करून राबवलं. पर ते गातेत, नाचतेत, जेवणं घालतेत. आन् आपण? एक दिवस डीजे, मंग सालभर गप."

"मावशी, माझ्या शाळेत परीक्षा आहेत."

"घे की परीक्षा. संध्याकाळी काय करतीस?"

झालं. एप्रिलभर रोज संध्याकाळी विहारात एक म्हातारा नाहीतर म्हातारी. सतरंज्या मी घालायच्या, माईक मी जोडायचा, चहा आमच्या घरचा. रडायचं बिलकुल नाही, आणि पुढच्या पिढीसाठी काय हवं ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही, असा मावशीचा नियम. एका आजीनं नातीसाठी "वकील नगं, जज" असं मागितलं तेव्हा टाळ्या थांबेनात. पण बाकीचे सगळे सुरुवात करायचे ती पाणी भरू न दिलेल्या विहिरीपासून. मग हात वर, मग म्हातारे फुगून घरी, मग त्यांची समजूत काढायला मी दारोदार.

फक्त माझे वडील, आबा, आले नाहीत. ऐंशी पार केलेले, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे. "मला काय न्हाई आठवत," एवढंच त्यांचं उत्तर. तर मावशी घरून पाट घेऊन आमच्या अंगणात येऊन बसू लागली. "दादा, हसले कवा?" आबा तोंड फिरवायचे. ती पाट उचलून त्यांच्या तोंडासमोर मांडायची.

शेवटी मी भडकले. "पुरे झालं, मावशी! म्हाताऱ्या माणसाचा जीव घेणार आहात का? काय मिळतं तुम्हाला यातून?"

ती पहिल्यांदाच हळू बोलली. "मी दुधपिती व्हते तवाच माही माय गेली. फोटू न्हाई. ज्याला इचारावं त्यो सांगतो, लई सोसलं तिनं. सोसलं, ते कळलं मला. पर कवा हसली का न्हाई? बघणारे समदे गेले. एक दादाच राह्यले."

मला रागच आला, की बाई, हे आधी सांगायला काय झालं होतं? आपल्या आईच्या एका हसण्यासाठी हिनं आख्ख्या वस्तीला कामाला लावलं होतं.

त्या नादात गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं. वास अंगणात आला. आबांनी नाक वर केलं. "शिरा करपला."

"दूध, आबा."

"न्हाई. शिरा." ते मावशीकडे वळले. "आपण धम्म घेतल्यावर माह्या बापानं गावकी सोडली. मेलेली ढोरं वढणं बंद. येसकराची काठी, जी घिऊन गावाची चाकरी करायची, ती बापानं चुलीत घातली आन् म्हणला, हिच्यावरच गोड करा. तुही माय बसली करायला, तू तिच्या कडंवर. सालोसाल तेल पाजलेली काठी ती, भडाडा पेटली! शिऱ्याचा कोळसा झाला. आमाला वाटलं, ही आता रडती. तर तुही माय हसाया लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबंना. मंग समदी गल्ली हसली. आन् खाल्ला की आमी त्यो शिरा, कडू जहर!"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं वाटलं ना तुम्हाला? छे. उलटतपासणी सुरू. "जोरात हसली का? दात दिसले का? मी काय करून राह्यले व्हते?" आबा न कंटाळता सांगत होते. मी दुधाचं भांडं घासत होते.

महिना संपताना तिनं आबांना विहारात माईकपुढे बसवलंच. पुढच्यांसाठी काय हवं, या प्रश्नावर आबा म्हणाले, "रोज गोड करा. पर चुलीकडं ध्यान ठिवा."

यंदाच्या थंडीत मावशी गेली. त्याच्या थोडं आधी मी जालन्याच्या दवाखान्यात तिला भेटायला गेले, तर ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "मी कडंवर व्हते ना. मला बराबर आठवतं, माय कशी हसली ते."

अंगावरच्या लेकराला काय आठवणार? मी शिक्षिका, चूक ऐकली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात, माय कशी हसली ते दाखवायला मावशीनं पदर चाचपला. दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला? मग तिनं चादरीचं टोक ओढून तोंडात कोंबलं, आणि खांदे गदागदा हलवत ती हसत राहिली.