पाटीला दोन हात

देवपूरच्या बसथांब्यावर मेथी विकणारी एक अक्का मला रोज दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. भरलेली पाटी ती आधी गुडघ्यावर घ्यायची आणि एका झटक्यात, एकटीच, डोक्यावर चढवायची.

त्या दिवशी दुचाकीला धक्का लागला म्हणून एका तरुणाने रिक्षावाल्याला खाली पाडलं आणि पंक्चरच्या दुकानातला लोखंडी पाना उगारला. आम्ही वीसेक जण नुसते उभे होतो. "चूक कोनी शे, ते तं सांगा!" मागून कुणीतरी म्हणालं. कॉलेजसाठी मी इथे आलेलो, आमच्या घरातला पहिलाच. परक्या गावात आपण मधे कशाला पडायचं, असं मी स्वतःला समजावत होतो.

अक्का पाटी फरपटत सरळ दोघांच्या मधे गेली.

"भाऊ, पाटी डोकावर ठेवी दे ना. मन्हाथून एकलीथून उचलास नही."

तो गोंधळला. इकडे ओझं उचलू लागायला कुणी नाही म्हणत नाही. त्याने पाना खाली ठेवला आणि तो वाकला. तेवढ्यात रिक्षावाला उठून निसटला.

नंतर मी विचारलं, "अक्का, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना. पण पाटीले दोन हात लागतस, भाऊ."

माझ्या दोन्ही हातांत मोबाइल होता, आणि व्हिडिओ अजून चालूच होता.