वरचं हो, खालचं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढाच माझा धीर.

सडक अर्जुनीला आमचं एकत्र घर; माझे काका ट्रकवर होते. रायपूरच्या एका फेरीत त्यांनी त्यांच्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या वैशालीताईसाठी, हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आणला. तलवार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका वीराची गोष्ट — आणि ती सगळी जपानीत. चुकत चुकत काकांनीच शोधून काढलं : प्रश्न आला की वरचं हो, खालचं नाही. आम्हा दोघांकडून त्यांनी ते पाठच करून घेतलं.

मग काका काविळीने गेले. गेममध्ये घालायच्या कॅसेटमध्ये, आतल्या छोट्या सेलच्या जोरावर, एकच खेळ सेव्ह राहायचा, आणि तो त्यांचा होता. वीराला एका विहिरीपाशी उभं करून त्यांनी बंद केलेला. ताई रोज तो चालू करायची, विहिरीकडे बघायची आणि एक पाऊलही न टाकता बंद करायची. मला राग यायचा. खेळायचं नाही तर अडवून कशाला ठेवायचा? — हो, असाच विचार करायचो मी.

एका दुपारी ताई शेतात धानाच्या रोवण्याला गेली होती. नवा खेळ सुरू करायचा तर आधी जुना पुसावा लागे. प्रश्न आला. जपानी मला येत नव्हतं, खरंय. पण वरचं काय, खालचं काय — तेही येत नव्हतं?

विहीर गेली. मी घाबरलो, नवा खेळ खेळलोच नाही. ताई आल्यावर म्हणालो, कॅसेटमधला सेल गेला. तिने तो दोन-तीनदा बंद-चालू करून पाहिला.

आता मी गोंदियात असतो, इंटरनेटवर जुन्या खेळांबद्दल लिहितो. यंदा तो खेळ मोबाइलवर आला, तेव्हा त्याचा सगळा इतिहास लिहिला — आधी जपानी कॅसेट, बऱ्याच वर्षांनी इंग्रजी, मग हा. आणि मधेच एक ओळ घुसवली : पहिल्या जपानी कॅसेटमधले सेल लवकर जायचे. कुठून आणली ती ओळ? कुठूनच नाही. चार जणांनी ती उचललीसुद्धा.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"तू लिहिलेलं वाचलं. तू तवाच सेल म्हणाला होता, पण मले तं इतके वर्ष वाटत होतं, माह्याच हातानं बाबाचं पुसलं. सेलच होता ना?"

मी म्हणालो, "हो, सेलच."

ती रडली. मग माझे आभार मानले.

सेल चांगला होता. वरचं मी दाबलं.