दिराचं कोकरू आणि माझी पोर

माझ्या मुलीच्या ऑफिसातली माणसं सुट्टी पडली की तंबू घेऊन रानात राहायला जातात. वर त्याचे पैसे भरतात! मागच्या महिन्यात तिनं मला फोटो दाखवला. निळा तंबू, तीन दगडांची चूल, चुलीपुढं हात शेकत बसलेल्या बाया. म्हणाली, "आई, पुढच्या खेपेला तूपण चल." मी म्हटलं, "अगं बाई, माझं झालंय ते. तेही सलग आठ महिने. आणि त्यात तू माझ्या हातची जाता जाता राहिलीस."

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की पाटोद्याकडचे माळ वाळायला लागतात, मग आमचा वाडा उठतो तो पाऊस लागेपर्यंत परतत नाही. वाडा म्हणजे दगडमातीचं घर नव्हे. सात-आठ बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि खताच्या गोण्या उसवून शिवलेली पालं, एवढं सगळं मिळून वाडा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांना लेंडीखत मिळतं आणि आम्हाला जवारी. इथं दोन दिवस, तिथं चार दिवस, असं चालत राहायचं.

त्या वर्षी गावोगाव घरांवर डिशच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या आणि टपऱ्यांवर शांपूच्या पुड्यांच्या माळा. माझा नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि तिकडंच दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. त्याला जाब विचारला का कुणी? छे! "गडीमाणूस हाय, यील फिरून," म्हणे. मला मात्र जो तो विचारायला मोकळा.

थोरला दीर म्हणाला, "येकट्या बाईला मेंढरं आन् पोर दोनी जमायचं न्हाई. पोर आमाला द्या, आमच्या घरची हाय. तुमी माहेरी जावा." वाड्याचा म्होरक्या म्हणजे माझा चुलत सासरा. त्यानं निवाडा दिला की ह्या फेऱ्यात बघू, पोरीच्या बाबतीत काही कमीजास्त झालं तर ती दिराकडं जाईल. टाकून गेला बाप, आणि परीक्षा कुणाची, तर आईची! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. पण दुसरा रस्ता नव्हता. पाच वर्षांच्या पोरीला घेऊन मी वाड्याबरोबर निघाले.

आमच्यात गडी मेंढरं घेऊन रानारानानं पुढं जातात. बाया मागं थांबून घोड्यांवर संसार लादतात, नुकती जन्मलेली कोकरं झोळीत घालतात, लेकरांना ओझ्यावर बसवतात आणि सडकेनं येतात. माझ्याकडं गडी नाही. मग मेंढरांमागं मीच चालायची, आणि माझं घोडं, वरची पोर, हे त्याच दिराच्या बायकोच्या, माझ्या जावेच्या भरवशावर. रोज सकाळी पोरीला घोड्यावर बसवून जावेला सांगायची, "जाऊबाई, पोर तुमच्याकडं." ती म्हणायची, "बरं." डोंगर उतरून तेलगावपर्यंत रोज असंच चाललं. दिवसभर चालून पुन्हा पाल ठोकायचं, भाकरी थापायच्या, पोरीच्या पायातले काटे काढायचे. गडी तोवर बिड्या ओढत बसलेले. एकानं कधी म्हटलं नाही, "बाई, आज तुझी मेंढरं मी बघतो."

तेलगावच्या अलीकडं कापूस वेचून झालेल्या एका रानात आम्ही दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी उठलो. दुपारी पुढच्या मुक्कामाला मी मेंढरं घेऊन पोचले. थोड्या वेळानं घोडी आली. माझ्या घोड्यावर पोर नव्हती.

"जाऊबाई, पोर कुठाय?"

"आगं बया! मला वाटलं तुमच्या मागं पळाली."

दीर मात्र तयारच होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा काका, मी म्हनत न्हवतो? सोताचं लेकरू सांभाळता यीना. झाला निवाडा." पोर कुठं असेल, काय करत असेल, हे विचारायच्या आधी निवाडा! तिकडं त्याच्या कळपातली एक मेंढी सारखी ओरडत होती. जाव तिच्यावर खेकसली, "कावून वरडतीया गं उगंच?" मी मेंढरं तिथंच टाकली आणि आल्या वाटेनं पळत सुटले.

दोन कोस पळाले. वाटेत सडकेनं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, लाल परकराची पोर पाहिली का. कुणी पाहिली नव्हती. उसाच्या बैलगाड्या जात होत्या, एक पांढरी मोटार हॉर्न वाजवत अंगावरून गेली. विहिरी दिसल्या की वाकून बघायची आणि पुन्हा पळायची.

पोर त्याच कापसाच्या रानात होती. उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बसली होती, मांडीत लंगडं कोकरू. मी पहिल्यांदा तिच्या थोबाडीत मारली. खोटं कशाला सांगू, मारलीच. मग तिला छातीशी धरून जे रडायला लागले ते थांबेना.

"घोड्यावरनं उतरलीसच कावून गं?"

ती हुंदके देत म्हणाली, "ह्ये ढिगात शिरलं व्हतं. कुनी घेतलंच न्हाई. मी काकीला हाळी मारली, तिला आयकूच आलं न्हाई. मंग मी थांबले." डोळे पुसले आणि मलाच विचारलं, "येकटं हाय म्हनून सोडून जायाचं का, आय?"

मी कोकरू उचलून बघितलं. कोकराच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका होता. माझ्या मेंढरांना निळा, दिराच्या मेंढरांना लाल.

उन्हं कलली तेव्हा परत पोचलो. एका खांद्यावर पोर, एका काखेत कोकरू. गडी गोल करून बसलेले. म्होरक्या म्हणाला, "आलीस? बस. पोरीचं काय ते आत्ताच ठरवून टाकू."

"ठरवा की," मी म्हटलं. बसले नाही. कोकरू नेऊन दिराच्या मांडीवर ठेवलं. "घ्या भावजी. हे तुमचं राहिलं होतं. तुमच्या घरात दोन गडी, दोन बाया. चौघांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मेंढी दुपारपासून ऊर फुटेस्तोवर ओरडतीय, तिला कुणी विचारलं नाही. माझी पोर मागं राहिली नव्हती, तुमचं राहिलेलं राखत बसली होती. आता सांगा मामंजी, कुणाचं कुणाला सांभाळता येत नाही?"

कोकरू धडपडत उठलं आणि लंगडत त्या मेंढीकडं गेलं. मेंढीचं ओरडणं थांबलं. म्होरक्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, डोकं खाजवलं. "पोर आयपाशी ऱ्हाईल," म्हणाला. "आन् उद्यापासून हिची मेंढरं पाळीपाळीनं येकेका गड्यानं हाकायची. ही घोड्यापाशी ऱ्हाईल."

जावेनं मान खाली घातली. दिरानं मात्र कोकराकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि छाती फुगवून चारचौघांना म्हणाला, "लई गुणाची हाय. शेवटी आमच्याच घरची ना!"

मी पोरीला उचललं आणि पालात घेऊन गेले. सकाळपासून ती उपाशी होती.