मी चुकीचं सांगितलेलं भाषांतर

"तुम्हा लोकांचं रडगाणं इथंपण का? गप बस. घरातलं घरात ठेव."

केदार हे हसत म्हणाला. मराठीत. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या लायब्ररीत, पंधरा माणसांच्या गोलात. त्या गोलात मराठी कळणारे आम्ही दोघंच.

केदार माझा मॅनेजर. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला अरे-तुरे करतो. माझा करार वाढवायचा की नाही, ते त्याच्या हातात. कंपनीत डायव्हर्सिटीचं कामही त्याच्याकडेच. म्हणून दर गुरुवारी तो या चर्चेला यायचा, मलाही आणायचा. विषय असायचा कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि आजचा वर्णभेद. त्या दिवशी तो म्हणाला होता, "आम्ही भारतीय हे सोसतो. आमच्यात आपसात मात्र असलं काही नाही." माझा हात आपोआप वर गेला होता. माझी जात त्याला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात आडनाव, मग गाव, मग गावात घर नेमकं कुठं, असं विचारत त्यानं ती काढून घेतली होती.

चर्चा चालवणाऱ्या मरेडनं मला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणतोय, बोल तू." मी खोटं सांगितलं. हात खाली घेतला.

चहाच्या वेळी ब्लेसिंग जवळ आली. नायजेरियाची, आमच्याच प्लांटमध्ये पॅकिंगला.

"तो 'बोल' म्हणाला, आणि तुझं तोंड असं उतरलं?"

मी कपातली साखर ढवळत राहिलो.

"कॅन्टीनमध्ये तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलतो. तू हसतोस. तेव्हा काय म्हणतो?"

मला शब्द न् शब्द पाठ होता. तिच्या केसांवर. तिच्या डब्याच्या वासावर. मी घाबरून हसायचो, असं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. मला बरं वाटायचं. शाळेत गुरुजी म्हणायचे, "सवलतवाले, उभे राहा." आम्ही चौघं उभे राहायचो, वर्ग हसायचा. चाळीस वर्षांनी मला त्या हसणाऱ्यांत जागा मिळाली होती. ती मी सोडत नव्हतो.

पुढच्या गुरुवारी मी उभा राहिलो. या वेळी कुणी न सांगता.

"मागच्या वेळी मी भाषांतर चुकीचं केलं," म्हणालो. केदारचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग कॅन्टीनमधलं, ब्लेसिंगकडे बघत. आणि प्रत्येक वाक्यानंतर, "मी हसलो."

केदार मराठीत म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? सोमवारी केबिनमध्ये ये, बघतो तुझ्याकडे."

मी तेही सांगितलं.

ब्लेसिंगनं कोट घातला आणि निघून गेली. माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती.

सोमवारी केबिनमध्ये जाईन. करार जायचा तर जाईल. यापुढे माझ्यासमोर मराठीत जे बोललं जाईल, ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर जाईल. बोलणारा मी असलो, तरीही.