न पाहता लिहिलेली सूची

वाग्देवतेला नमन. तिच्या दारात मला उंबऱ्याबाहेर बसवले गेले, तरी माझी आराध्या तीच. तिच्याशी माझे भांडण नाही. भोपाळच्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या पोथ्या आणि त्यांची सूची संगणकावर आणली आहे. वसंतपंचमीला उद्घाटन. त्या निमित्ताने माझ्याकडे आठवणींची दोन पाने मागितली गेली. ही ती पाने.

तेव्हाची पोथ्यांची खोली. मधोमध लांब टेबल. पलीकडे विभागप्रमुख शास्त्रीजी, पुढे लाल फडक्यातून सोडलेली पोथी. अलीकडे, पाच हात दूर, स्टुलावर मी. मांडीवर फळी, फळीवर सूचीची कोरी कार्डे. पहिल्या दिवशी एक पान सरकले, म्हणून मी उठून हात पुढे केला. शास्त्रीजींनी पोथी छातीशी ओढली.

"छूना मत. मैं बोलूँगा, तू लिख."

नोकरीच्या अर्जावरची माझी जात त्यांनी वाचली होती. त्याच अर्जावर संस्कृत एम.ए.ची प्रथम श्रेणीही होती. वडील विदर्भातून येऊन इथल्या सरकारी कारखान्यात फिटर झाले. इंद्रपुरीजवळच्या टाउनशिपमध्ये, क्वार्टरच्या गच्चीवर फेऱ्या घालत मी शब्दरूपे पाठ केली. वडिलांनी जोडलेली यंत्रे देशभर जात. त्यांना हात लावण्यापूर्वी कोणी जात विचारली नाही. पोथीपाशी विचारली गेली.

नऊ वर्षे असेच चालले. शास्त्रीजी घाईने वाचत. अनुस्वार गिळत, पदे भलत्याच जागी तोडत. मी ऐके आणि कार्डावर शुद्ध लिही. एकदा ते त्यांच्या ध्यानात आले. पाहुण्या प्राध्यापकांसमोर कार्ड उंच धरून ते म्हणाले, "कान तो इसके ब्राह्मण के हैं, बस हाथ गड़बड़ हैं."

सारे हसले. मीही हसलो.

त्यांच्या वाक्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची लाज मला अधिक आहे.

गेल्या महिन्यात ग्रंथालयातून बोलावणे आले. काही कार्डे पोथ्यांशी जुळत नव्हती. हे काम पाहणारी मुलगी कोलार रोडची, मराठी घरातली. तिने मला पडद्यासमोर बसवले, एक पोथी उघडली आणि सहज म्हणाली, "काका, बोट लावा ना. अक्षर मोठं होतं."

बोट लावा. हे मला त्या इमारतीत कोणी कधी म्हटले नव्हते. मी बोट लावले. अक्षर मोठे झाले. जिचा आरंभ, शेवट, पत्रसंख्या मी माझ्या अक्षरात नोंदवली होती, ती पोथी मी प्रथमच पाहत होतो.

शेवटच्या पानावर पोथी उतरवणाऱ्यांची जुनी विनवणी होती. जसे पाहिले तसे लिहिले. चुकले असेल तर दोष मला देऊ नये. ती ओळ मी कितीतरी कार्डांवर उतरवली होती. त्या दिवशी वाचताना अडखळलो. मी कुठे पाहिले होते?

मग सूचीचे मुखपृष्ठ उघडले. सूचीकार म्हणून शास्त्रीजींचे नाव. खाली बारीक अक्षरात, "लेखनसाहाय्य : एक कर्मचारी". मुलगी ओशाळली. मी तिला सारे सांगितले. माझे नाव घाल म्हटले, आणि ही सूची कशी लिहिली गेली, तेही. ती वर विचारून आली.

"काका, नाव घालतील. शास्त्रीजींच्या बरोबरीनं. उद्घाटनाला सत्कारही आहे. फक्त ते हात न लावण्याचं नको म्हणतात. शास्त्रीजी आता नाहीत. शुभकार्य आहे."

"मग नावही नको, बाळ."

"काका, इतक्या वर्षांनी येतंय हो नाव."

ठाऊक होते. पुन्हा येणार नाही, हेही ठाऊक होते. पण नुसते नाव पाहून वाचणाऱ्याला वाटेल, दोघांनी शेजारी बसून काम केले. मी शेजारी बसलो नव्हतो. त्या वेळी हसलो होतो. या वेळी हसलो नाही.

चुकलेली कार्डे मी सुधारून दिली आहेत. ती वाग्देवतेची सेवा. नाव छापण्याच्या संमतिपत्रावर सही केलेली नाही. ही पाने अक्षरही न गाळता सूचीच्या आरंभी लागतील, तरच माझे नाव लागेल. शेवटी पोथी उतरवणाऱ्यांच्या रीतीने माझीही ओळ असेल : जसे ऐकले तसे लिहिले. पाहू दिले नाही. हा दोष माझा नाही.

वाचकहो, तुमचे आणि तुमच्या घराचे कल्याण असो. घरातली पोथी घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जावो. जिथे ती अजून छातीशी ओढली जाते, तिथे देवी सद्बुद्धी देवो. मी मात्र आता त्या स्टुलावर बसणार नाही.