उखाण्यात गेलेला आवाज

"तुमचा गळा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "सूज नाही, गाठ नाही. याला आम्ही फंक्शनल अफोनिया म्हणतो. म्हणजे वाद्य शाबूत आहे, पण वाजत नाही. आता मला एवढंच सांगा, घरी तुम्हाला भीती कुणाची वाटते?"

बंगळूरच्या मनोरुग्णालयातली ती खोली. टेबलावर माझ्यासाठी पाटी आणि पेन्सिल ठेवली होती. मी पाटी बाजूला सरकवली. डॉक्टर धारवाडकडचे होते, कानडी वळणाचे पण स्वच्छ मराठी बोलत. त्यांनी घाई केली नाही. ते खिडकीबाहेर पाहत बसले.

एखादीच्या घरात असेच काही चालले असेल, तर तिच्यासाठी हे लिहीत आहे. अंगावर वळ नसले की आपले दुखणे आपल्यालाच खोटे वाटू लागते.

आम्ही बेळगावचे. यांना सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून लग्नानंतर बंगळूरच्या जयनगरला आलो. तेव्हा तिथे घरे विरळ होती. दुपारभर मी पुस्तक घेऊन बसे आणि संध्याकाळपर्यंत माझ्या कानांवर मराठी शब्द पडत नसे.

हे कधी आवाज चढवून बोलले नाहीत. हात तर कधीच उगारला नाही. पहिल्याच वर्षी एकदा कामावरून आले, बूट काढले आणि शांतपणे म्हणाले, "बेळगावहून तार आली. तुझे वडील गेले."

मी होते तिथेच खाली बसले. यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. मी रडत होते आणि हे पाहत होते. मैफलीत गवयाने सुरेख जागा घेतली की रसिकाचा चेहरा उजळतो, तसा यांचा चेहरा उजळला होता. पुरेसे पाहून झाल्यावर म्हणाले, "अगं, चेष्टा केली. रडतेस काय वेड्यासारखी?"

पुढे बेळगावला गेल्यावर सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तो लहानपणापासून खोडकरच आहे." त्यावर मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता.

गावातली ओळखीची मराठी कुटुंबे अधूनमधून एकमेकांकडे जेवायला जमत. पंगतीत वाढताना बायकांनी उखाणे घ्यायचे, ही रीत परमुलखात आम्ही जरा जास्तच हौसेने पाळत असू. बाकीच्या एकेक नाव घेऊन सुटत. मी घेतले की हे म्हणत, "हा जुना. गणपतीत घेतला होतास. दुसरा."

दुसरा झाला की तिसरा. कुणीतरी म्हणे, "घ्या हो वहिनी, साहेबांची हौस आहे!" हे हसून म्हणत, "कॉलेजात शिकलेली बायको आहे आमची. कानडी मुलखात येऊन जीभ विसरली बहुतेक." मी अडखळेपर्यंत, कानशिले तापेपर्यंत हे चाले. पंगत हसे. हे हसत नसत, माझ्याकडे पाहत. तोच चेहरा.

अशाच एका संक्रांतीला मी वरणाचे भांडे धरून उभी होते. "लालबागेत फुलला गुलाब टपोरा," इथवर आले. पुढे यांचे नाव यायचे होते. तोंड उघडले आणि आवाजच आला नाही. लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटले, मी लाजले.

घशाच्या डॉक्टरांकडे हेच मला घेऊन गेले. बाहेर बाकावर शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "नशीबवान आहे मी. बायको गप्प झाली." ते गृहस्थ हसले. मीही हसले, आवाजाशिवाय. घशात काही सापडेना, म्हणून मनोरुग्णालयाची चिठ्ठी मिळाली.

बायकांच्या वॉर्डात मला ठेवून घेतले. तिथे मुलीच्या उशाशी बसलेल्या सुब्बम्मा भेटल्या. बसवनगुडीत त्यांचे घर होते. फिरकीच्या तांब्यातून कॉफी आणत आणि माझ्या हातात पेला देत. "अक्का, स्वल्प कुडीरी," थोडी घ्या. माझ्याकडून उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. इतकी विश्रांती मला कुठेच मिळाली नव्हती.

मग एकदाचे मी पाटीवर लिहिले. तार, उखाणे, तो चेहरा. पाटी भरली की पुसायची आणि पुन्हा लिहायचे. डॉक्टरांनी यांना बोलावून घेतले, अनेकदा बोलले. हे प्रत्येक वेळी कडक इस्त्रीचे कपडे घालून येत. नर्सना वाटे, काय सज्जन माणूस.

शेवटी डॉक्टरांनी मला समजावले. "तुमच्या यजमानांना भास होत नाहीत, भ्रम नाही. दुसऱ्याच्या वेदनेतून सुख घेणं, याला सॅडिझम म्हणतात. लोकांना वाटतं की त्यात मारहाण असतेच. नसतेही. त्यांच्यात तो पर्सनॅलिटी डिसऑर्डरचा भाग आहे. म्हणजे ताप येऊन जातो तसा हा आजार नाही, माणसाची घडणच तशी झालेली असते. असा विकार असलेला प्रत्येक जण क्रूर नसतो, आणि प्रत्येक क्रूर माणूस आजारीही नसतो. त्यांच्यात दोन्ही एकत्र आलं आहे."

मी लिहिले, "बरे होतील ना?"

माझा सारा संसार त्या प्रश्नावर टांगलेला होता. आजार असेल तर मी सेवा करीन, वाट पाहीन, असे मनाशी ठरवून ठेवले होते.

"त्यांना स्वतःला काहीच दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. "ज्याला दुखत नाही तो औषध कशाला घेईल? आणि तुम्ही आणखी सोसलंत तर ते सुधारतील, असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल."

मी पाटी पुसून टाकली.

"आता खोका," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. मी खोकले. "ऐका, यात आवाज आहे. हाच लांबवा. आऽऽ." कितीतरी दिवस आम्ही खोकला लांबवत होतो. एका सकाळी वॉर्डातच त्यातून चिरका 'आ' निघाला. "नाव सांगा," डॉक्टर म्हणाले. "यजमानांचं नको, तुमचं."

"कुमुद," मी म्हणाले. सुब्बम्मांनी कॉफी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

मी जयनगरला परतले नाही. सुब्बम्मांच्या घरामागच्या खोलीत राहिले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. ओळखीच्या पंगतींतून मला बोलावणे येईनासे झाले. एवढ्या चांगल्या माणसाला सोडले, असे सगळे म्हणत. एकटेपण होते, पण त्यात कुणी खुर्ची ओढून समोर बसत नव्हते.

काही वर्षांनी निरोप आला. यांना हृदयविकाराचा झटका आला होता. मी रुग्णालयात गेले. पांढऱ्या उशीवर हे फार लहान दिसत होते.

"आलीस? डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत," हे म्हणाले, आणि माझ्याकडे पाहू लागले.

तोच चेहरा. थकलेला, पण उजळलेला. हे वाट पाहत होते. मला वाटले, आता म्हणतील, चेष्टा केली. मी पाणी दिले, चादर सारखी केली आणि बाहेर आले. तिथल्या डॉक्टरांना विचारले. ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी हे गेले. नर्सने कागदावर लिहिण्यासाठी यांचे नाव विचारले. "माधव," मी म्हणाले. यमक नव्हते, अडखळणे नव्हते. आवाज सरळ निघाला.

धारवाडच्या त्या डॉक्टरांचे आणि सुब्बम्मांचे ऋण मी मानते. तुमच्या घरी असे कुणी असेल, तर त्याची घडण तुमच्यामुळे झालेली नाही, एवढे लक्षात ठेवा. आणि त्याच्यासाठी दुःख झाले तर त्याचीही लाज बाळगू नका.

त्या संध्याकाळी खोलीवर परतले, दाराला कडी घातली आणि जमिनीवर बसून यांच्यासाठी रडले. खूप रडले. पाहायला कुणी नव्हते.