गाव राजी, मग शपथ कशाला?

मला अक्षर येत न्हाय. म्या बोलते, नात लिहिते. चुका तिच्या, संशय माझा.

आज आमची ग्रामपंचायत बिनविरोध झाली. माझ्या नातसुनेनं, सवितानं, फॉर्म भरला होता. सकाळी गावातले पाच जण घरी आले. सोबत ताटात बेलभंडारा. म्हणाले, "सविताताई, राजीखुशीनं माघार घेते म्हणून हा उचला."

म्या म्हणलं, "आरं, राजीखुशी असंल तर देवाची शपथ कशाला? लग्नात जेवायला बसताना कुणी बेलभंडारा उचलतं व्हय?"

"आज्जी, गावाच्या एकीसाठी," एक जण हसत बोलला. मग नातवाकडं वळला. "पेरणी जवळ आली. तुमच्या शेताची वाट आमच्या बांधावरून जाते. ती चालू राहावी, अशीच आमची इच्छा हाय."

निजामाच्या राज्यात म्या परकरी पोर होते. चावडीवर पुकारा व्हायचा, "पाटलाविरुद्ध कुणाची तक्रार?" सगळे गप. माझा बाप जमिनीकडं बघत बसायचा. मला वाटायचं, त्याचं काहीतरी पडलंय. कागदावर मात्र 'गाव राजी' असं लिहिलं जायचं.

सवितानं बेलभंडारा उचलला. दुपारी सही करून फॉर्म मागं घेतला. संध्याकाळी दारात गुलाल आन् पेढे. म्या पेढा घेतला न्हाय. दात न्हायीत म्हणलं.

तुमच्या गावात बिनविरोध झालं असंल तर एवढंच सांगा. माघार घेणाऱ्याच्या घरी त्या दिवशी जेवताना कोण काय बोललं? आमच्याकडं आज कुणी तोंडच उघडलं न्हाय.